अण्णांनी सोडलेली ग्रामपंचायत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की आधी अण्णांच्या गमती आठवतात, त्या सांगून होतात, लोक हसतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून या वेळी मूळ गोष्ट आधी सांगतो.

आमच्या गावात भूपाल अण्णा मगदूम नावाचे एक गृहस्थ आहेत. सत्तरीचे, काटक, पांढरी टोपी, दोन म्हशी, नदीकडेला ऊस. संध्याकाळी गावातले दिवे लागले की ते छत्री उघडत. पाऊस नाही, ऊन नाही, तरी छत्री. दिव्याच्या खांबाखालून जाताना ती खांबाच्या बाजूला कलती धरत, खांब मागं पडला की मिटत, पुढचा आला की पुन्हा उघडत. दिवे ग्रामपंचायतीनं लावलेले आणि अण्णांच्या मते गावात ग्रामपंचायतच नव्हती. जी होती ती खोटी, तेव्हा तिचा उजेड अंगावर घ्यायचा नाही.

गाव हसायचं. मीही हसायचो. पण अण्णांचं बरोबर होतं. पंचायत खोटीच होती. ती ज्या सहीवर बिनविरोध झाली, ती अण्णांची सही मी केली होती.

मी वसंत. गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं आणि दर दहा दिवसांनी बिलाच्या रजिस्टरात उत्पादकांच्या सह्या घ्यायच्या, हे माझं काम. वीस वर्षं हे केल्यावर माणसाची सही चेहऱ्यासारखी ओळखू येते. अण्णांची तर गावातली सगळ्यात देखणी. ‘भू’चा उकार विळ्यासारखा, आणि शेवटच्या ‘ल’ची शेपटी मागं वळून सगळ्या नावाखालून गेलेली.

त्या वर्षी सरपंचपदाला चार अर्ज आले होते, उत्तमराव, अण्णा आणि आणखी दोघांचे. देवळात बैठक बसली. बिनविरोध केली तर वरून गावाला जादा निधी मिळेल, भांडणंही टळतील, असं तात्या म्हणाले. तात्या म्हणजे गावातले वडीलधारे, दूध संस्थेचे चेअरमन, आता ते हयात नाहीत. उत्तमरावांना सरपंच करायचं ठरलं. बाकीच्या दोघांनी माघारीला तिथंच मान डोलावली. अण्णा म्हणाले, “इचार करतो.” आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या बारशाला आटपाडीला लेकीकडं निघून गेले.

माघार घ्यायची वेळ तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. बारा वाजले तरी अण्णा नाहीत, फोन लागत नाही. तात्या संस्थेत आले, माघारीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले की अण्णांचं होच आहे, फक्त हातानं करायचं राहिलंय. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “वसंता, तुझं अक्षर लय चांगलं बाबा.”

मला कुणी धमकावलं नाही. नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नाही. चेअरमननी अक्षराचं कौतुक केलं आणि मला बरं वाटलं, इतकंच. मी एका झटक्यात सही केली. शेपटीसुद्धा एका दमात ओढली. बाकीच्या दोघांच्या कागदांबरोबर तो कागद तालुक्याला गेला, गठ्ठ्यात जमा झाला, साडेतीनला गुलाल उधळला.

अण्णा संध्याकाळच्या एसटीनं उतरले ते गुलालातच.

पहिले चार दिवस ते दारोदार सांगत फिरले की मी माघार घेतलेली नाही. लोक ऐकून घेत आणि पाठ फिरली की डोळे मिचकावत. म्हाताऱ्यानं आतून काहीतरी पदरात पाडून घेतलं असणार आणि आता वरून सोवळेपणा करतोय, असं गावानं ठरवूनच टाकलं. आमच्या गावात माणूस खरं बोलतोय ही शक्यता सगळ्यात शेवटी तपासतात.

पाचव्या दिवशी अण्णा तालुक्यावरून त्या कागदाची नक्कल घेऊन संस्थेत आले. सकाळचं दूध संपलं होतं, मी कॅन धूत होतो. त्यांनी चष्मा लावला, कागद फळीवर पसरला आणि म्हणाले, “गड्या, तू माझी सही दर बिलाला बघतोस. तूच सांग. ही माझी हाय का?”

मी हात पुसले. मुद्दाम वेळ काढला. रजिस्टर उघडून जुन्या सह्या शेजारी धरल्या. इतकं नाटक मी आयुष्यात केलेलं नाही.

“दिसती तर तुमचीच, अण्णा,” मी म्हणालो.

त्यांनी कागद उजेडाकडं धरला. “मलाबी तसंच दिसतंय,” ते म्हणाले. “पन म्या केली न्हाई.”

मी ‘नाही’ म्हणालो असतो तर ते कोर्टात जाणार होते, हे मला नंतर कळलं. वकिलानं त्यांना सांगितलं होतं की सही ओळखणारा एक साक्षीदार आणा.

कोर्ट राहिलं. पण अण्णा हार मानणाऱ्यातले नव्हते. ते जैन. त्यांच्यात चातुर्मासात नेम घ्यायची रीत आहे. कुणी बटाटा सोडतं, कुणी गूळ सोडतं, कुणी दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही. त्या चातुर्मासात अण्णांनी ग्रामपंचायत सोडली.

आणि सोडली म्हणजे अशी तशी सोडली नाही. पंचायतीनं नळ दिले. अण्णांनी परसातल्या आडाचं पाणी फडक्यानं गाळून प्यायचं चालू ठेवलं. चंपाकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, अण्णा दुपारी आडवे झाले की शेजारच्या नळावर दोन घागरी भरायच्या. अण्णांना ते ठाऊक होतं. घागर वाजली की ते कूस बदलून भिंतीकडं तोंड करत. गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवायला माणसं आली तेव्हा अण्णा दारात खुर्ची टाकून बसले. तेवढा तुकडा सोडून सगळी गल्ली झाली. तो मातीचा चौकोन पावसाळ्यात चिखलानं भरायचा आणि लोक त्याला ‘अण्णांचा देश’ म्हणायचे. पाहुणे आले की शेजारचे विचारायचे, पासपोर्ट आणलाय का?

पंचायतीची माणसं त्यांच्या बोलण्यात कधी ‘निवडून आलेली’ नसायची. ती ‘बसलेली’ असायची. बसलेला सरपंच, बसलेले मेंबर. नोटीस आली, दवंडी झाली, कर्ण्यावरून काही सांगितलं की अण्णांचा एकच प्रश्न असे, “कुणाच्या सहीनं?” तलाठ्याच्या सहीनं असेल तर लगेच मान्य. तहसीलदाराच्या सहीनं असेल तर टोपी सारखी करून मान्य. विधानसभेला मत द्यायला पहिल्या रांगेत. सरकारशी त्यांचं काही भांडण नव्हतं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात ते कडक सलाम करत, फक्त डावा हात डोळ्यांपुढं असा धरत की झेंडा दिसावा आणि दोरी ओढणारा सरपंच झाकला जावा.

एकदा काकींनी सहज विषय काढला की उद्या काही बरंवाईट झालं तर दाखल्याला पंचायतीतच जावं लागेल. अण्णांनी त्यावर आधीच विचार करून ठेवला होता. म्हणाले, “हितं मी मरनार न्हाई. तब्येत बिघडली की सांगलीला न्यायचं. तितला दाखला म्हानगरपालिकेचा असतोय.”

शिंदे गुरुजी, आमचे निवृत्त हेडमास्तर, त्यांच्याशी वाद घालायला मुद्दाम दूध घालायच्या वेळेला संस्थेत येत. गुरुजींचा मुद्दा साधा होता. पाणी आलं, दिवे आले, रस्ता झाला, उत्तमराव माणूसही वाईट नाही. मग अडलंय कुठं?

“गुरुजी,” अण्णा म्हणाले, “चोरानं तुमची म्हस नेली आन तिला रोज पेंड घातली, तर म्हस त्याची होती व्हय?”

गुरुजी म्हणाले की प्रत्येकानं असं स्वतःपुरतं ठरवायचं म्हटलं, तर गाव चालायचं कसं?

“समद्यांनी ठरवलं तर परत इलेक्शन घ्यावं लागंल. येवढंच न्हवं का? एकट्यानं ठरवलं म्हून तुमाला गंमत वाटतीया.”

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी फॅटच्या मशीनकडं बघितलं. त्या मशीनमध्ये बघण्यासारखं काही नसतं, पण चार वर्षांत मी तिच्याकडं जितकं बघितलंय तितकं बायकोकडं बघितलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला अण्णांचा संशय यायचा. त्यांना माझा संशय आलाय असा मला संशय. सगळ्या गावावर त्यांची नजर होतीच. कुणी रामराम घातला तर तो का घातला याचा ते दोन दिवस विचार करत. पण माझ्या खिडकीशी आले की ते माझ्या हाताकडं बघत. मी आकडे लिहीत असलो की बघत. मला वाटायचं, आज विचारणार. ते विचारत नसत. चरवी उचलून, छत्री उघडून, चालू लागत.

मग पूर आला.

आमच्या गावाला कृष्णेच्या पुराची सवय आहे, पण त्या वर्षी पाण्यानं जुन्या सगळ्या खुणा ओलांडल्या. पंचायतीच्या कर्ण्यावरून सकाळपासून सांगत होते की खालच्या आळीनं घरं सोडावीत. लोक निघाले. अण्णांनी म्हशी मेव्हण्याबरोबर वरच्या रानात पाठवल्या आणि स्वतः स्लॅबवर जाऊन बसले. खोट्या पंचायतीच्या हुकमानं घर सोडायचं नाही. दोन पोरं त्यांना आणायला गेली आणि शिव्या खाऊन परत आली. दुपारी गल्लीत छातीएवढं पाणी झालं तेव्हा मला राहवेना. मी नावेत बसलो.

स्लॅबवर चंपाकाकी गाठोडं मांडीवर घेऊन तयारच बसल्या होत्या, डोळे लाल. अण्णा पलीकडं तोंड करून. नाव कठड्याला लागली. मी म्हणालो, चला. अण्णांनी वळून विचारलं, “कुणाच्या सहीनं?”

“सही करायला आता यमाला बलवू?” काकी म्हणाल्या.

मी म्हणालो की तहसीलदारांचाच हुकूम आहे, सरपंचांनी नुसता वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, कागद दाखव. त्या पाण्यात कागद कुठून आणायचा? नाववाला ओरडत होता की धार वाढतीय. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर अण्णा बहुतेक मला पाण्यात ढकलून मग नावेत बसले असते, आणि ते चाललं असतं. मी बोललो नाही. मी खिशातलं दूध पावत्यांचं पुस्तक काढलं, एका पावतीच्या पाठीवर लिहिलं, ‘सभासदांनी गाव सोडून सुरक्षित जागी जावे’, खाली सही केली, स्वतःची, आणि कंसात सेक्रेटरी लिहिलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वाचलं.

“शिक्का?”

“शिक्का पाण्यात गेला, अण्णा.”

“बरं.” त्यांनी पावतीची घडी करून टोपीत ठेवली. “तुला आमी सभासदांनी नेमलाय. ह्या सहीवर माझा इश्वास हाय.”

आणि ते उठले. आधी काकींना नावेत बसवलं, मग माझ्या खांद्याला धरून स्वतः उतरले. सगळ्या वाटेत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो ओला हात मला अजून जाणवतो. तालुक्याच्या शाळेत छावणी होती. तिथं पोचल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली की जेवण कोण घालतंय. तरुण मंडळ घालतंय म्हटल्यावर बसले.

पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली आणि भाद्रपदात त्यांचं पर्युषण पर्व आलं. ते संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखवलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागायची. अण्णा हे शिस्तीत करत. जैन घरं झाली की आमच्यासारख्यांच्याही दारात येत. उत्तमरावांच्यासुद्धा. त्यांच्या फाटकाबाहेर उभं राहून दरवर्षी म्हणत की माणूस म्हणून तुझी माफी मागतो, सरपंच म्हणून तुझा-माझा संबंध नाही. उत्तमराव बिचारे हात जोडत. चहाचा आग्रह होई, अण्णा पाणी कुठलं म्हणून विचारत, नळाचं आहे म्हटल्यावर निघत.

त्या वर्षी ते माझ्याकडं सगळ्यात शेवटी आले. एरवी उंबऱ्यातूनच जात, या वेळी आत येऊन बसले. बायको चहा ठेवायला गेली.

“वसंता,” ते म्हणाले, “माज्या हातनं एक पाप झालंय. चार वरसं म्या तुज्यावर संशेव घेतला.”

बायको ऐकतेय का ते मी बघितलं.

“माजी सही तुज्याइतकी कुनाला ठाव न्हाई. म्हून तुजं नाव यादीत पयलं हुतं. दूध घालताना तुज्या बोटांकडं बघत हुतो मी. वाटायचं, ह्याच बोटांनी केली आसंल.” त्यांनी हात जोडले. “पुरात तू जीव धोक्यात घालून आलास, तवा तुला काडला यादीतनं. माफ कर गड्या.”

सत्तरीचा माणूस माझ्यापुढं हात जोडून बसला होता. मी म्हणालो, “असू द्या, अण्णा.” हे दोन शब्द मी म्हणालो. दुसरे कुठले तरी दोन शब्द म्हणता आले असते.

“तात्या गेलं, त्येंच्यावरचाबी सोडला,” अण्णा म्हणाले. “एकेक करून समदी काडली. आता यादीत कुनी उरलं न्हाई.” मग ते हसल्यासारखं करत म्हणाले, “मीच उरलोय. म्यांच केली आसंल का रं? आटपाडीला जायच्या गडबडीत तात्यांनी म्होरं कागद धरला आसंल आन म्या न बघता केली आसंल. वय झालं. हिला इचारलं तर ही गप बसती.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गावानं वेडा म्हटलेलं त्यांना चाललं, लबाड म्हटलेलंही चाललं. चार वर्षं ते एकट्याच्या जोरावर उभे होते, आणि आता तो एकटाही त्यांना खात्रीचा वाटत नव्हता. चहा आला. तो नळाच्या पाण्याचा होता. अण्णांनी विचारलं नाही. प्यायले.

पुढच्या आठवड्यात ते पंचायतीत गेले आणि नळासाठी अर्ज दिला. उत्तमरावांनी स्वतः उठून खुर्ची दिली. गुरुजींनी संस्थेत पेढे वाटले, अखेर लोकशाही समजली म्हणून. अण्णा शहाणे झाले, असं गाव म्हणतं. चंपाकाकींना मात्र त्याचं सुख दिसत नाही. त्या परवा दूध घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या की भांडत होते तोवर ते जेवत तरी होते.

पंचायतीतल्या क्लार्कनं मला एक गोष्ट सांगितली, ती मी आधी खरी मानली नाही. अण्णांनी अर्जावर सही केली नाही. पेन हातात घेतला, खाली ठेवला आणि अंगठा पुढं केला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, गावातली सगळ्यात देखणी सही. त्यानंतरच्या बिलाच्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. मी रजिस्टर फिरवून पुढं केलं. ते म्हणाले, “शाईचं पॅड दे. सहीचा आता भरवसा न्हाई.”

तेव्हापासून दर दहा दिवसांनी मी शाईच्या पॅडचं झाकण उघडून धरतो. ते अंगठा टेकवतात, रजिस्टरात उमटवतात, मी बोट पुसायला चिंधी देतो. पंचायत खोटी असताना तिचं ऐकावं की नाही हा गुरुजींचा आणि अण्णांचा वाद मला कधी नीट सोडवता आला नाही. उत्तमरावांनी दिलेलं पाणी मी पितो, त्यांच्या दिव्याखालून जातो. पण नाही म्हणायचा हक्क ज्या एका माणसाला होता, तो त्याच्याकडून कुणी जबरदस्तीनं घेतला नाही. तो मी, माझ्या घरात, गप्प बसून घेतला.

मी भूपाल अण्णांना एक वाक्य देणं लागतो. ‘ती सही तुम्ही केलेली नाही, मी केली.’ ते ग्रामसभेत, उभं राहून, अण्णा समोर बसलेले असताना म्हणायचं आहे. ते अजून मी म्हटलेलं नाही.